गायरान की इर्जिक? : मुक्त स्रोत आशय व्यवस्थापन प्रणाली, त्यांचे समुदाय आणि मराठी संकेतस्थळे

प्रस्तावना

मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडी, माण, मारुंजी ही गावे आहेत. राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान याच परिसरातील जमिनींवर उभे राहिले. पौड ओलांडून पश्चिमेकडे जावे तसा धरणाचा जलाशय, ताम्हिणीचा घाट आणि भातखाचरांचा पट्टा लागतो. तालुका एकच, परंतु 'सहकार्य', 'सामायिक' आणि 'समुदाय' हे शब्द या दोन टोकांना एकाच अर्थाने उच्चारले जात नाहीत. पश्चिमेकडे त्यांना पाऊस, बैल, मनुष्यबळ आणि जमिनीची हद्द यांचा संदर्भ असतो. पूर्वेकडे हेच शब्द संगणकाच्या पडद्यावरून इंग्रजीतून येतात आणि मराठीत उतरताना आपल्याबरोबर एक प्रकारचा भाबडा आशावाद आणतात. मुक्त स्रोत प्रणालींविषयी मराठीत जे लेखन झाले आहे त्यात या आशावादाचे प्रमाण अधिक आणि चिकित्सेचे प्रमाण अल्प आहे, असे म्हणावे लागते.

प्रस्तुत लेखाचा रोख संकेतस्थळे चालविणाऱ्या मुक्त स्रोत प्रणालींवर आहे. संगणकाची भाषा न जाणणाऱ्या व्यक्तीलाही संकेतस्थळावर मजकूर चढविता यावा, त्याचे वर्गीकरण करता यावे, सदस्यांना कमीअधिक अधिकार देता यावेत, यासाठी जी आज्ञावली वापरली जाते तिला आशय व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. वर्डप्रेस, ड्रुपल आणि जूमला ही त्यांपैकी सर्वपरिचित नावे होत. जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे आज एकट्या वर्डप्रेसवर चालतात. या तिन्ही प्रणाली जीपीएल या परवान्याखाली उपलब्ध आहेत. त्या कोणीही वापराव्यात, उघडून पाहाव्यात, बदलाव्यात आणि बदललेल्या रूपात इतरांना द्याव्यात, अशी या परवान्याची तरतूद आहे. या तरतुदीच्या आधारे या प्रणाली 'सर्वांच्या मालकीच्या' आहेत असे सांगितले जाते. हे विधान कितपत खरे आहे?

मराठी ग्रामव्यवहारात सामायिकपणाचे दोन निरनिराळे प्रकार आढळतात. एक गायरान, दुसरा इर्जिक. गायरानात जमीनच गावाच्या वापराची असते; तेथे कोणाचेही गुरू चरू शकते. इर्जिकीत मात्र कष्ट सर्वांचे आणि शेत एकाचे असते. शेजारीपाजारी आपापले बैल व औते घेऊन येतात, एका दिवसात रान नांगरून देतात, यजमान त्यांना जेवू घालतो आणि सायंकाळी मंडळी घरी जातात. शेत ज्याचे होते त्याचेच राहते. त्यात कोणाची फसवणूक होत नाही, कारण शेत कोणाचे याविषयी कोणाचा गैरसमज नसतो. मुक्त स्रोत समुदायांबाबत नेमका हाच गैरसमज आहे. इर्जिकीला बोलावलेल्या माणसाला आपण गायरानात उभे आहोत असे वाटत असते.

गाव, थेंब आणि जुमला

ड्रुपलची जन्मकथा या दृष्टीने बोलकी आहे. २००० साली बेल्जियममधील अँटवर्प येथे विद्यापीठात शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी एक इंटरनेट जोडणी वसतिस्थानात वाटून घेतली होती. आपसांत निरोप ठेवण्यासाठी त्यांच्यापैकी ड्रीस बायटार्ट याने एक छोटी आज्ञावली लिहिली. शिक्षण संपल्यावर मंडळी पांगली, तेव्हा हा निरोपफलक महाजालावर ठेवावयाचे ठरले. त्यासाठी 'डोर्प' हा डच शब्द योजला होता. त्याचा अर्थ 'गाव'. परंतु नाव नोंदविताना टंकलेखनाची चूक झाली आणि 'डोर्प'चे 'ड्रॉप' झाले. जानेवारी २००१ मध्ये आज्ञावली खुली करण्यात आली तेव्हा 'थेंब' या अर्थाच्या डच शब्दावरून तिचे नाव ड्रुपल ठेवण्यात आले. गाव म्हणावयास गेले आणि थेंब झाला! योगायोगाचा भाग सोडला तरी मूळ इच्छा गावाची होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आणि ते गाव एकमेकांना चेहऱ्याने ओळखणाऱ्या मोजक्या मुलांचे होते, हेही विसरता येत नाही.

जूमलाचे नाव स्वाहिली भाषेतील 'सर्व मिळून' या अर्थाच्या शब्दावरून घेतले आहे. स्वाहिलीत तो शब्द अरबीतून आला; मराठीतील 'जुमला' हाही त्याच अरबी मुळाचा. आपल्याकडे त्याचा जुना अर्थ एकूण, बेरीज असा होता. अलीकडच्या राजकारणात त्याला आलेला अर्थ वेगळा आहे आणि तो येथे लागू पडावा अशी कोणाचीही इच्छा नसावी. जूमलाचा जन्म मात्र एका भांडणातून झाला. पूर्वी ही प्रणाली मँबो या नावाने ओळखली जाई. त्या नावाचे हक्क ऑस्ट्रेलियातील मिरो या कंपनीकडे होते. कंपनीने स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाच्या रचनेवरून मतभेद झाले आणि ऑगस्ट २००५ मध्ये आज्ञावली लिहिणारा प्रमुख गट बाहेर पडला. परवान्यामुळे त्याला सर्व आज्ञावली बरोबर नेता आली. एक गोष्ट तेवढी नेता आली नाही, ती म्हणजे नाव. म्हणून सप्टेंबर २००५ मध्ये तीच प्रणाली नव्या नावाने पुन्हा प्रकाशित करावी लागली.

अशा रीतीने आज्ञावलीची प्रत घेऊन स्वतंत्र वाटचाल करणे याला मराठीत वेगळा पारिभाषिक शब्द घडविण्याची गरज नाही. 'वेगळी चूल मांडणे' हा वाक्प्रचार त्यासाठी पुरेसा आहे. वर्डप्रेसही २००३ साली बीटू नावाच्या बंद पडत चाललेल्या प्रणालीपासून अशाच वेगळ्या चुलीच्या रूपाने सुरू झाले. (त्याची पहिली आवृत्ती २७ मे २००३ ची. मराठी विकिपीडियाचा आरंभही त्याच महिन्यातला, १ मे २००३ चा.) चूल वेगळी करता येणे हीच मुक्त स्रोत चळवळीची सर्वांत मोठी हमी मानली जाते. 'नको असेल तर निघा आणि आपले उभे करा', असे उत्तर प्रत्येक तक्रारीला दिले जाते. हे उत्तर ज्याच्याजवळ आज्ञावली लिहिणारी माणसे, यंत्रे आणि वेळ आहे त्याच्यापुरते खरे आहे.

येथे परवान्याविषयीचा एक सामान्य गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जीपीएलखालील आज्ञावलीला मालक नसतो असे नाही. ज्याने ज्या ओळी लिहिल्या त्याचा त्यांवर स्वामित्वहक्क असतो. त्या हक्काच्याच बळावर पुढच्याला मोकळीक देण्याची अट घातली जाते. गायरानाचेही असेच आहे. गायरानाला मालक नसतो हा समज चुकीचा होय. महसुली दप्तरी ती जमीन शासनाची असते आणि तिचा वापर व देखरेख गावाकडे असते. तेव्हा आज्ञावलीपुरते पाहिले तर 'गायरान' हे रूपक बरेचसे चपखल बसते. प्रश्न निर्माण होतो तो आज्ञावलीच्या बाहेर.

एरिक रेमंड याने १९९७ साली मुक्त स्रोत पद्धतीला बाजाराची उपमा दिली आणि ती जगभर रूढ झाली. उपमा देताना त्याच्या डोळ्यांसमोर गजबजाट होता, अनेक आवाज होते, कोणी एक वास्तुविशारद नव्हता. परंतु महाराष्ट्रातील कोणत्याही आठवडे बाजारात जाणाऱ्याला ठाऊक असते की बाजार गजबजलेला असला तरी जागा कोणाची तरी असते आणि बसणाऱ्याला बाजारकराची पावती फाडावी लागते. रेमंडच्या बाजारात पावती फाडणारा दिसत नाही. २०२४ साली तो दिसला.

नाव कोणाचे?

वर्डप्रेसचे व्यापारचिन्ह २०१० साली ऑटोमॅटिक या कंपनीने वर्डप्रेस फाउंडेशन या संस्थेकडे सुपूर्द केले होते. या घटनेचे त्या वेळी उदारतेचा आदर्श म्हणून स्वागत झाले. व्यापारी वापराचे अनन्य अधिकार मात्र ऑटोमॅटिककडेच परत आले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग यांनी डब्ल्यूपी इंजिन या कंपनीवर जाहीर टीका केली. ही कंपनी वर्डप्रेसवर मोठा व्यवसाय करते आणि त्या मानाने प्रणालीच्या विकासाला फारसा हातभार लावत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. व्यापारचिन्हाच्या वापरापोटी उत्पन्नाच्या आठ टक्के एवढी मागणी पुढे आली. त्याच महिन्यात डब्ल्यूपी इंजिनला वर्डप्रेसच्या मध्यवर्ती भांडारातून नव्या आवृत्त्या मिळणे बंद करण्यात आले. ऑक्टोबरमध्ये प्रकरण कॅलिफोर्नियातील न्यायालयात गेले. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने प्रवेश पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश दिला; मूळ दावा त्यानंतरही पुढे चालू राहिला.

मुलेनवेग यांचा आक्षेप इर्जिकीच्या भाषेत सांगावयाचा तर असा होतो : शेजारी कामाला आला नाही आणि पीक मात्र घेऊन गेला. हा आक्षेप नैतिक दृष्ट्या अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही. पण ज्या क्षणी तो केला गेला त्या क्षणी शेत कोणाचे हे उघड झाले. वर्डप्रेसचे मध्यवर्ती भांडार, जेथून लक्षावधी संकेतस्थळे नव्या आवृत्त्या व जोडण्या घेतात, ते समुदायाच्या संस्थेचे नसून मुलेनवेग यांच्या व्यक्तिगत ताब्यात आहे, हे अनेक जुन्या कार्यकर्त्यांनाही या वादातून प्रथमच कळले. वीस वर्षे ज्यांनी विनामूल्य काम केले त्यांना हे ठाऊक नसावे, हीच या प्रकरणातील सर्वांत लक्षणीय बाब होय.

त्याच ऑक्टोबर महिन्यात भांडारात प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला एका चौकटीत खूण करून डब्ल्यूपी इंजिनशी आपला कसलाही आर्थिक वा अन्य संबंध नाही असे घोषित करावे लागू लागले. वर्डप्रेसचा मराठी अनुवाद करणारे स्वयंसेवकही याच दारातून आत जातात. पुण्यात किंवा पौडमध्ये बसून एखाद्या इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द सुचवू पाहणाऱ्या व्यक्तीने टेक्सासमधील एका कंपनीशी आपला संबंध नसल्याची ग्वाही द्यावी, ही अपेक्षा हास्यास्पद होती. न्यायालयाच्या आदेशानंतर ती चौकट गेली आणि तिच्या जागी पिझ्झावर अननस चविष्ट लागतो हे मान्य करण्याची चौकट आली. विनोद म्हणून तो चांगला आहे. परंतु दार कोणाचे आणि त्यावर काय लिहावयाचे हे कोण ठरवितो, हेही त्या विनोदाने स्पष्ट केले.

अशा प्रकल्पांच्या संस्थापकांना इंग्रजीत 'दयाळू हुकूमशहा' या अर्थाची पदवी कौतुकाने दिली जाते. हुकूमशहा दयाळू असण्यावर कारभार अवलंबून ठेवण्याचे समर्थन कार्यक्षमतेच्या नावाने केले जाते. मुळशीच्या इतिहासात या युक्तिवादाला जुने उदाहरण आहे. १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हा विजेची उपयुक्तता हा वादाचा विषय नव्हताच. वीज मुंबईला हवी होती आणि ती मिळणार होती. ज्यांची खाचरे पाण्याखाली जाणार होती त्यांना विचारले कोणी, हा प्रश्न होता. संगणकाच्या प्रणालीत कोणाचे घर बुडत नाही, ही तुलनेची मर्यादा मान्य केली पाहिजे. तथापि 'सर्वांचे हित' आणि 'सर्वांची संमती' या दोन गोष्टींतील अंतर दोन्हीकडे सारखेच आहे.

मराठी चुली

मराठीत या प्रणालींचा सर्वांत समृद्ध वापर झाला तो मराठी भाषकांच्या चर्चा व लेखनाच्या संकेतस्थळांवर. मायबोली हे त्यांतील सर्वांत जुने. अमेरिकेतील मराठी मंडळींनी ते १९९६ साली, म्हणजे ड्रुपलच्याही जन्मापूर्वी सुरू केले आणि पुढे ते ड्रुपलवर आणले. मनोगत २००४ साली सुरू झाले. २००७ साली उपक्रम आणि मिसळपाव, २०११ साली ऐसी अक्षरे. या सर्वांच्या पत्त्यांत लेखाच्या क्रमांकाआधी 'नोड' हा शब्द दिसतो. ती ड्रुपलची खूण होय. वाचक कवितेचा दुवा पाठवो अथवा भरल्या वांग्याच्या पाककृतीचा, अँटवर्पच्या विद्यार्थ्यांनी घडविलेल्या फलकाची मोहोर त्यावर असतेच.

ही निवड आकस्मिक नव्हती. २००० नंतरच्या काही वर्षांत संगणकांवर युनिकोड देवनागरी दिसू लागली. त्यापूर्वी प्रत्येक वृत्तपत्राचा टंक वेगळा, एका टंकातील मजकूर दुसऱ्यात नेला की त्याची खिचडी होई. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित टंक जीपीएल परवान्याखाली खुले केले. 'गमभन'सारख्या टंकलेखन सुविधेमुळे रोमन कळफलकावरून देवनागरी लिहिणे सोपे झाले आणि अनेक मराठी संकेतस्थळांनी ती आपल्या लेखनचौकटीत बसवली. ड्रुपलमध्ये अनेक सदस्यांनी लिहिण्याची, त्यांना वेगवेगळे अधिकार देण्याची, एका लेखाखाली प्रतिसादांची उतरंड लावण्याची सोय पहिल्यापासून होती. वर्डप्रेसची मूळ रचना एका लेखकाच्या नोंदवहीची, ड्रुपलची चावडीची. मराठी माणसाने चावडी निवडली, यात नवल नाही.

या चावड्यांवर भाषेचे जे काम झाले त्याची दखल मराठीच्या अभ्यासकांनी पुरेशी घेतलेली नाही. 'प्रतिसाद', 'धागा', 'दुवा', 'सदस्यनाम' हे शब्द येथे रुळले. खाजगी संदेशाला मनोगताच्या परंपरेत 'व्यक्तिगत निरोप' म्हटले गेले आणि वापराने त्याचा 'व्यनि' झाला. 'व्यनि करतो' हे क्रियापदही झाले. मिसळपाव आणि उपक्रमावर एकमेकांच्या पानावर चार ओळी लिहिण्याच्या जागेला 'खरडवही' हे नाव मिळाले. मायबोलीवर तिलाच 'विचारपूस', आणि पुढे 'विपू'. शासकीय परिभाषा कोशांतील शब्दांशी यांची तुलना करून पाहावी. कोशातील शब्द नेमके असतात परंतु बोलले जात नाहीत. 'खरडवही' हा शब्द कोणत्याही समितीने मंजूर केला नसता. तो टिकला, कारण ज्याला तो हवा होता त्यानेच तो केला. मनोगतावरील शुद्धिचिकित्सकासारखी लेखनशुद्धीची सोय तर त्या काळात मराठीत अपूर्वच म्हटली पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. हे सर्व काम कोठे जमा झाले? जीपीएलची परतफेडीची अट आज्ञावली दुसऱ्याला वितरित केली तरच लागू होते. आपल्या यंत्रावर प्रणाली चालविणे, त्यात बदल करणे आणि हजारो वाचकांना संकेतस्थळ वापरू देणे हे या परवान्याच्या अर्थाने वितरण नव्हे. ही फट बुजविण्यासाठी २००७ साली एजीपीएल हा वेगळा परवाना निघाला. वर्डप्रेस, ड्रुपल व जूमला या तिघांनीही तो स्वीकारलेला नाही. परिणामी एखाद्या मराठी संकेतस्थळाने ड्रुपलमध्ये केलेली सुधारणा किंवा पडद्यावरील शब्दांसाठी योजलेले मराठी प्रतिशब्द त्याच्याच डेटाबेसमध्ये राहू शकतात. तसे ठेवण्यात काही गैर नाही, बेकायदेशीर तर नाहीच. गायरानातून माती आणली, चूल आपल्या घरात मांडली. चुलीवर काय शिजले ते गायरानाला सांगण्याचे बंधन नाही.

घराच्या आत पाहिले तर पुन्हा इर्जिकच आढळते. या संकेतस्थळांवरील मजकूर सदस्यांनी लिहिलेला आहे. दिवाळी अंक, गणेशोत्सवाचे उपक्रम, पाककृतींच्या सूची, संपादन, शुद्धलेखन तपासणे, हे सर्व विनामूल्य श्रमांवर चालले. यंत्राचे भाडे, संकेतस्थळाचे नाव आणि प्रशासकाची किल्ली मात्र एका व्यक्तीकडे अथवा छोट्या गटाकडे असते. चालकांनी ही जबाबदारी वर्षानुवर्षे पदरमोड करून उचलली, याची नोंद कृतज्ञतेने करावयास हवी. त्यांच्याशिवाय मराठी महाजालाचे ते दशक झालेच नसते. परंतु एखादा लेख उडविला गेला, एखाद्या सदस्याचे खाते गोठविले गेले, की 'हे संकेतस्थळ आमचे' आणि 'हे संकेतस्थळ सर्वांचे' ही दोन वाक्ये समोरासमोर येत. संपादकीय धोरणावरील अशा वादांना या संकेतस्थळांच्या इतिहासात तोटा नाही. दोन्ही पक्ष प्रामाणिक असत. एक इर्जिकीच्या नियमाने बोलत असे, दुसरा गायरानाच्या.

वाद विकोपाला गेले की नवी चूल मांडली जाई. माती तीच, ड्रुपलची. त्यामुळे नवे घर उभे राहावयास वेळ लागत नसे. या अर्थाने मुक्त स्रोत प्रणालीने मराठीला एक दुर्मीळ गोष्ट दिली, ती म्हणजे मतभेद झाल्यावर गप्प न बसता वेगळे होण्याचे सामर्थ्य. मुद्रित नियतकालिकांच्या जगात नवे मासिक काढणे इतके सोपे कधीच नव्हते. मात्र नव्या घरी जाणाऱ्याला आपला लेख नेता येतो, त्याखालील संवाद नेता येत नाही. साठ माणसांनी मिळून केलेली चर्चा ही साठ जणांची असते आणि म्हणूनच त्यांतील कोणा एकाला ती उचलता येत नाही. ती जेथे घडली तेथेच राहते, आणि तेथील यंत्र जोवर चालू आहे तोवरच राहते.

हा धोका काल्पनिक नाही. २०११ साली आलेली ड्रुपल ७ ही आवृत्ती दीर्घकाळ चालली आणि ५ जानेवारी २०२५ रोजी तिचा अधिकृत आधार संपला. त्यानंतरच्या आवृत्तीची अंतर्गत रचना इतकी बदललेली आहे की स्थलांतर म्हणजे जवळपास नवे बांधकाम ठरते. याच अडचणीतून ड्रुपलच्या काही कार्यकर्त्यांनी २०१५ साली बॅकड्रॉप ही वेगळी चूल मांडली, लहान संस्थांना परवडावे म्हणून. पगारी तंत्रज्ञ असलेल्या कंपनीला स्थलांतराचा खर्च झेपतो. नोकरी सांभाळून रात्री संकेतस्थळ पाहणाऱ्या मराठी चालकाला तो कितपत झेपेल? दोन दशकांचे मराठी गद्य अशा व्यक्तीच्या सवडीवर अवलंबून आहे.

फुकट

इंग्रजीतील 'फ्री' या शब्दाची संदिग्धता मराठीत नाही. मुक्त आणि फुकट हे आपल्याकडे दोन स्वतंत्र शब्द आहेत. असे असूनही संस्थांच्या व्यवहारात निवड होते ती 'फुकट'ची. भारत सरकारने २०१५ साली मुक्त स्रोत आज्ञावलींच्या वापराचे धोरण स्वीकारले. मायगव्ह हे केंद्राचे संकेतस्थळ ड्रुपलवर उभारले गेले. तेथे निदान धोरण तरी आहे. लहान महाविद्यालये, पतसंस्था, ग्रामपंचायती यांच्या पातळीवर संकेतस्थळ एकदा करून घेतले जाते आणि देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात नसते. नॅक समितीची भेट जवळ आली की मुखपृष्ठावरील छायाचित्रे बदलतात, एवढाच काय तो संकेतस्थळाचा ऋतुबदल. फुकट मिळालेल्या वस्तूची डागडुजी करण्याची प्रवृत्ती नसते, आणि जी वस्तू दुरुस्त केली जात नाही तिच्याशी संस्थेचे नाते ग्राहकाचेही उरत नाही.

येथे त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाची आठवण होते. त्यात वर्णिलेले बलुतेदार फुकट काम करीत नसत. खळ्यावर त्यांचा वाटा ठरलेला असे. प्रणालीला जोडावयाच्या छोट्या आज्ञावली लिहिणारे आजचे कारागीर मूळ वस्तू विनामूल्य देतात आणि वाढीव सोयींचे पैसे घेतात. बलुत्यातील विषमतेचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण वाटा ठरलेला असणे आणि वाटा ग्राहकाच्या मर्जीवर असणे यांत फरक आहे.

हिंजवडी ते पौड

पुणे परिसर या प्रणालींच्या जागतिक नकाशावर नगण्य नाही. वर्डप्रेसच्या क्षेत्रातील आरटीकॅम्प आणि ड्रुपलच्या क्षेत्रातील क्यूईडी४२ या कंपन्या पुण्यातल्याच. ड्रुपलचे आशियातील पहिले मोठे संमेलन फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या आयआयटीत भरले. कोणी किती हातभार लावला याची मोजदादही आता होते : ड्रुपलने २०१५ पासून व्यक्ती व कंपन्यांच्या योगदानाची श्रेयनोंद ठेवण्यास आरंभ केला, वर्डप्रेसने २०१४ पासून कंपन्यांनी आपल्या क्षमतेचा पाच टक्के भाग प्रकल्पाला द्यावा असे आवाहन केले. २०१९ साली बायटार्ट यांनी 'घडविणारे' आणि 'घेणारे' असा भेद करून या प्रश्नाची सविस्तर चर्चा केली. मुलेनवेग यांच्यापेक्षा त्यांची मांडणी अधिक संयमी आहे, कारण घेणाऱ्याला दार बंद करण्याऐवजी देणाऱ्याला मान देण्यावर तिचा भर आहे.

तरीही या मोजणीत एक गृहीतक दडलेले आहे. श्रेय मिळते ते मध्यवर्ती भांडारात, इंग्रजीतून चाललेल्या चर्चेत, नोंदविल्या गेलेल्या कामाला. हिंजवडीतील अभियंता तेथे सहज वावरतो. त्याच तालुक्यातील पौड-पिरंगुटच्या महाविद्यालयातील मराठी माध्यमातून आलेली विद्यार्थिनी त्याच प्रणालीवर गावातील कृषिपर्यटन केंद्राचे संकेतस्थळ करते, शेजाऱ्याला आंबेमोहोर तांदळाची जाहिरात चढवून देते, चुका शोधते, त्या दुरुस्त करण्याच्या युक्त्या मैत्रिणींना मराठीत सांगते. समुदायाच्या व्याख्येप्रमाणे हे योगदानच आहे. ते नोंदविण्याची जागा नाही. 'खरडवही' शब्द घडविणाऱ्यांनाही ती नव्हती.

अनुवाद हा या भिंतीतील एकमेव दरवाजा आहे आणि तो उघडा आहे, हे न्याय्यपणे सांगावयास हवे. वर्डप्रेस व ड्रुपल दोहोंच्या अनुवादासाठी स्वतंत्र व्यवस्था आहेत. तेथे आज्ञावली लिहिता येण्याची अट नाही, चांगले मराठी येण्याची आहे. भाषा विभागांतील विद्यार्थ्यांना कोणत्याही खर्चाविना करता येण्यासारखे हे काम आहे आणि मराठीच्या प्राध्यापकांनी त्याकडे तांत्रिक म्हणून पाठ फिरविणे समर्थनीय नाही. एखाद्या बटणावर 'टिप्पणी' असावे की 'प्रतिसाद' हा निर्णय भाषिकच आहे, आणि आज तो बहुतांशी मराठीच्या अभ्यासकांना वगळून होतो.

या व्यवस्थेची कार्यपद्धती मात्र माहीत असलेली बरी. वर्डप्रेसच्या अनुवादस्थळी कोणीही शब्द सुचवू शकतो. सुचविलेला शब्द लगेच प्रणालीत जात नाही. त्या भाषेसाठी नेमलेल्या संपादकाने तो तपासून मान्य करावा लागतो, आणि संपादकाला ते अधिकार जागतिक अनुवादगटाकडून मिळतात. ज्या भाषेला सक्रिय संपादक आहेत तेथे शब्द दोन दिवसांत जगभरच्या पडद्यांवर दिसू शकतो. जेथे संपादकाला सवड नाही तेथे तो, कितीही रुळलेला असला तरी, 'प्रतीक्षेत' या शिक्क्याखाली यादीत पडून राहतो.